रोख रकमेवरील कपात आणि शेतमालाची पेठ

बँकेतून मोठी रोख रक्कम काढली की सरकार त्यावर कर घेते, असा समज सांगली-साताऱ्याच्या पेठांतून सर्रास आढळतो. हा समज अर्धाच खरा आहे.

खराखुरा कर होता तो २००५ सालचा. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात पी. चिदंबरम यांनी तो सुचविला. दहा हजारांची प्रस्तावित मर्यादा, ओरड झाल्यावर, व्यक्तींसाठी पंचवीस हजारांवर नेण्यात आली. बचत खाती वगळली गेली. आणि १ जून २००५ पासून एका दिवसात त्याहून अधिक रोख काढणाऱ्यावर शेकडा ०.१, म्हणजे लाखाला शंभर रुपये, कर बसला. दिलेला पैसा गेला तो गेलाच. काळ्या पैशाचा माग काढणे हा त्याचा घोषित हेतू होता. १ एप्रिल २००९ पासून तो रद्द झाला.

१ सप्टेंबर २०१९ पासून आलेली तरतूद निराळ्या जातीची आहे. आर्थिक वर्षात एका बँकेतून एक कोटीहून अधिक रोख काढल्यास वरच्या रकमेतून बँक शेकडा दोन कापून घेते. दीड कोट काढणाऱ्याचे एक लाख कापले जातात. परंतु ते त्याच्या नावे जमा राहतात, देय आयकरातून वजा होतात, आणि देणे नसेल तर परत मिळतात. अर्थात हा कर नव्हे, उचल होय. ऊसपट्ट्यात उचल म्हणजे काय ते कोणास सांगावे लागत नाही. येथे ती घेणारे सरकार आहे, एवढाच फरक.

प्रश्न आहे तो परताव्यापर्यंतच्या काळाचा. सांगलीच्या हळद बाजारातील अडत्याच्या हातून जाणारा पैसा शेतकऱ्याचा. त्याची स्वतःची कमाई केवळ अडतीची. कपात मात्र सबंध रकमेच्या हिशेबाने. ही विसंगती सरकारच्या लवकर ध्यानी आली व २० सप्टेंबर २०१९ च्या अधिसूचनेने, शेतकऱ्यांना माल खरेदीचे पैसे देण्यासाठी रोख काढणाऱ्या नोंदणीकृत अडत्या-व्यापाऱ्यांना सूट मिळाली. सहकारी संस्थांना मात्र तीन कोटींच्या वाढीव मर्यादेसाठी १ एप्रिल २०२३ पर्यंत थांबावे लागले. सभासदांचाच पैसा सभासदांना देणाऱ्या गावोगावच्या पतसंस्थांना ही साडेतीन वर्षे थोडी नव्हेत.

त्याहून आक्षेपार्ह होती ती १ जुलै २०२० पासूनची दुरुस्ती. मागील तिन्ही वर्षे विवरणपत्र न भरणाऱ्यास एक कोटीऐवजी वीस लाखांनंतरच शेकडा दोन, आणि कोटीपुढे शेकडा पाच अशी कपात तिने लावली. विवरणपत्र न भरणारा तो करबुडवा, हे येथील गृहीत. पण शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त आहे. ज्यास दुसरे उत्पन्नच नाही त्याने विवरणपत्र भरावे कशाला? तासगावकडील एखाद्या एकत्र कुटुंबाच्या द्राक्षबागेचा सारा व्यवहार एकाच भावाच्या खात्यावर असला आणि मजुरीसाठी वर्षात तीस लाख काढले, की वीस हजार कापले गेले. ते परत मिळविण्यास विवरणपत्र भरणे आले, म्हणजे तालुक्याच्या गावी कर सल्लागाराकडे खेपा आणि त्याची फी आली.

आणि मर्यादा मोजली जाते ती बँकवार. तीन बँकांतून प्रत्येकी नव्वद लाख काढणाऱ्या करदात्याचा एक रुपयाही कापला जात नाही.