उंबऱ्यावरची नागवेल

‘दीपावली’ आणि ‘रंगावली’ या दोन शब्दांचे शेपूट एकच आहे, हे आपल्या ध्यानी सहसा येत नाही. आवली म्हणजे ओळ. दिव्यांची ओळ ती दीपावली, रंगांची ओळ ती रंगावली. तिचीच पुढे रांगोळी झाली. म्हणजे मधला मोर किंवा कमळ हे नंतरचे कौतुक. नावाप्रमाणे पाहू गेले तर रांगोळीचा जीव तिच्या काठात, उंबऱ्यालगत धावणाऱ्या त्या वेलपट्टीत आहे. आणि नेमकी तीच आज आपण बाजारातून चिकटपट्टीवर छापलेली विकत आणतो.

आम्ही रामटेकची माणसे. कै. म. म. वा. वि. मिराशी यांनी मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे साधार प्रतिपादिले. येथून उत्तरेस निघालेल्या मेघाला यक्ष सांगतो की, विंध्याच्या पायथ्याशी खडकांतून फुटलेली रेवा तुला हत्तीच्या अंगावर रेखाटलेल्या नक्षीसारखी दिसेल. त्या नक्षीच्या रेघांना कविकुलगुरूने योजलेला शब्द आहे ‘भक्तिच्छेद’. भज् धातूचा एक अर्थ वाटणे, विभागणे. म्हणून जागा विभागून काढलेली शोभेची रेघ हीही संस्कृतात भक्तीच! गेली चाळीस वर्षे कीर्तनात भक्तीचे निरूपण करणाऱ्या मला हा अर्थ फार उशिरा भिडला, हे कबूल केले पाहिजे.

आता ही रेघ यावी कोठून? आमच्याकडील पानमळ्यांत जाऊन नागवेल पाहावी. पहिल्या पेराला पान उजवीकडे, दुसऱ्याला डावीकडे, पुन्हा उजवीकडे. वेल पुढे सरकते आणि बाजू पालटते. तुळशीचे तसे नाही. तिची पाने जोडीने, समोरासमोर येतात, म्हणून तुळशीची पट्टी आरशात पाहिल्यासारखी स्थिर वाटते. एकाच आकृतीच्या पुनरावृत्तीने होणाऱ्या पट्टीचे प्रकार आधुनिक गणिताने मोजले आहेत. ते सातच भरतात. नागवेलीचा त्यांतला एक. आणि लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी आपण दारापासून देवघरापर्यंत जी पावले उमटवितो, ती कोणत्या प्रकारात बसतात? त्याच! उजवे पाऊल, एक पाऊल पुढे डावे, मग पुन्हा उजवे. वेल जशी वाढते तशीच लक्ष्मी चालत येते. आमच्या आजीपणजींना गणित ठाऊक नव्हते, पण उंबऱ्यावरची वेल आणि आतली पावले त्यांनी एकाच चालीवर बसविली होती.

छापील पट्टी जागची हलत नाही. हाताने काढताना मात्र प्रत्येक पानाला चिमूट नव्याने सोडावी लागते. कीर्तनातले ध्रुपद दहा वेळा येते, तरी दहाही वेळा ते गावेच लागते, तसेच हे.

हाच विषय काही वर्षांपूर्वी नागपुरात चातुर्मासाच्या कीर्तनात मी जरा तिखटपणे मांडला. “चिकटवलेली लक्ष्मी दाराशीच चिकटून राहते, आत येत नाही,” असे म्हणालो आणि सभामंडप हसला. आरतीनंतर बुक्का लावून घेण्यास एक वृद्ध बाई पुढे आल्या. म्हणाल्या, “बुवा, मी चौथ्या मजल्यावर राहते. दारासमोर हातभर जागा, तीही जिन्याची. गुडघे वाकत नाहीत. पट्टी चिकटवते, तेव्हा मलाच वाईट वाटतं. आज लोक हसले, तेव्हा वाटलं, मलाच हसले.”

माझ्या हातातला बुक्का हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी पूर्वरंगाआधी त्याच मंडपात मी क्षमा मागितली. मत मात्र मागे घेतले नाही. त्या माउलीला एवढेच विचारले होते, “घरात कुणी लहान आहे का?” “नात आहे. पण तिला येत नाही.” “तिला शिकवायचं कुणी, आई?”

त्या दिवाळीला मला त्यांच्या घरी फराळाचे बोलावणे आले. आजी दारात खुर्चीवर बसलेल्या, नात खाली उकिडवी. आजी सांगत होत्या: आधी दोन्ही टोके धर, मध्य धर, मग चार-चार बोटांवर खूण कर, नाहीतर शेवटचे पान भिंतीत जाईल, आता नागमोडी रेघ ओढ, आणि प्रत्येक वळणाच्या पोटात एक पान. पाचवे पान पोरीने चौथ्याच्याच बाजूला काढले. आजी म्हणाल्या, “राहू दे गं, छान दिसतंय.”

मी म्हटले, “राहू कसे द्यायचे? लक्ष्मी काय लंगडी घालत येणार?”

पोर खुदकन हसली. तिने ते पान तळहाताने पुसले, फरशीवर फुंकर मारली आणि पलीकडच्या वळणात नवे काढले.