प्रत्येक प्रहराला एक जागा

घर पाहावे बांधून, अशी म्हण मराठीत रूढ आहे. घर बांधणाऱ्याला किती यातायात करावी लागते, याचे पुरेपूर भान तिच्यात आहे. पण घर बांधून झाल्यावर त्यात राहणाऱ्याचे दिवस कसे जातात, याविषयी ती काही सांगत नाही. शासनाचे गृहनिर्माण धोरणही नेमके याच ठिकाणी थांबत आले आहे. घरकुले किती मंजूर झाली, किती पुरी झाली, किती निधी खर्ची पडला, याचे आकडे नियमितपणे प्रसिद्ध होतात. त्या घरकुलांत मे महिन्याच्या दुपारी कोणाला बसवते काय, आणि रात्री तेथे झोप लागते काय, हे कोणी विचारीत नाही. वास्तविक घराचे सुख ठरते ते या दोन साध्या प्रश्नांच्या उत्तरांवर.

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम या गावाच्या परिसरात हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवावा असे तेथील हवामान आहे. केम महाराष्ट्राला ठाऊक आहे ते कुंकवासाठी. १८६० साली सोलापूरपर्यंत पोहोचलेल्या मुंबई-सोलापूर लोहमार्गावर, कुर्डुवाडीच्या अलीकडे, हे स्थानक लागते. गावात उत्तरेश्वराचे देवस्थान आहे. भोवतालचा सगळा मुलूख अवर्षणप्रवण. पाऊस वर्षाकाठी साधारणपणे ५०० ते ६०० मिलिमीटर, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडणारा. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर सहज जातो. पण हवा कोरडी असल्यामुळे दिवस मावळला की वारा सुटतो आणि पहाटेपर्यंत उघड्यावर चांगलाच गारवा येतो. दिवस आणि रात्र यांच्या तापमानातील हे मोठे अंतर हीच या भागातील घरबांधणीची खरी गुरुकिल्ली होय.

जुन्या गवंड्यांना आणि सुतारांना ती नेमकी सापडली होती. या पट्ट्यातील जुने घर धाब्याचे. दगडमातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, लाकडी खांब व तुळया, तुळयांवर लाकडी चिपांचा थर, त्यावर पाला, मग मातीचा जाड थर आणि सर्वांत वर पाण्याला दाद न देणारी पांढरी किंवा खारी माती, अशी त्याची घडण. या मातीच्या छताला माळवद म्हणतात. उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी माळवदाला सवणे ठेवलेले असे. पाऊस बेताचा असल्यामुळे उतरत्या कौलांची गरज नव्हती. सपाट छताला किंचित उतार आणि कडेला पन्हळ पुरत असे. जाड भिंत दिवसभराचे ऊन आत पोहोचू देण्यास इतका वेळ लावी, की ते आत येईतो रात्र पडलेली असे, आणि रात्रीचा गारवा त्या भिंतीत मुरून दुसऱ्या दुपारपर्यंत टिके.

परंतु हे घर सुखाचे होते ते केवळ भिंतींच्या जाडीमुळे नव्हे. त्या घरात दिवसाच्या प्रत्येक प्रहराला एक जागा होती. सकाळची निवडणे-टिपणे उजेडाच्या चौकात होत. ऊन चढले की माणसे सोप्यात सरकत. दुपार माजघराच्या गारव्यात जाई. संध्याकाळी रस्त्याकडेच्या कट्ट्यावर किंवा ओसरीवर गप्पा रंगत, आणि उन्हाळ्यातील रात्र माळवदावर, मोकळ्या आकाशाखाली काढली जाई. माणूस घरातल्या घरात उन्हाबरोबर आणि सावलीबरोबर फिरत असे. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठीही अशाच पायऱ्या होत्या. वाटसरू कट्ट्यापर्यंत, ओळखीचा ओसरीपर्यंत, सोयरा सोप्यापर्यंत आणि घरचा माणूस माजघरापर्यंत. त्यामुळे घर गावाला जोडलेले राही आणि तरीही घराचे घरपण अबाधित राही. आपले दार उघडे ठेवावे की लावून घ्यावे, असा दोनच पर्यायांचा पेच त्या घरात नव्हता.

या वर्णनावरून जुन्या वाड्यांची आरती ओवाळण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो आवरला पाहिजे. चौक आणि सोपा ही सधन कुळांची मिरासदारी होती. गावकुसाबाहेर ज्यांना राहावे लागले, त्यांच्या वाट्याला एका खणाचे खोपटच आले. प्रहरागणिक जागा बदलण्याची चैन त्यांना कधी लाभली नाही. वाड्यांतही ओसरीचा वारा प्रामुख्याने पुरुषांसाठी होता. ज्या स्त्रीच्या श्रमांवर घर चालत असे, तिचा दिवस मात्र अंधाऱ्या स्वयंपाकघरात, चुलीच्या धुरात आणि दूरवरून आणलेल्या पाण्याच्या ओझ्याखाली सरत असे. शिवाय माळवदाला दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नवी माती लागे. ती चुकली तर घर गळे, आणि चुकली नाही तर मातीचे थर साचून छताचे वजन वर्षानुवर्षे वाढत जाई.

या वजनाची किंमत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मोजावी लागली. किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसांचा बळी घेतला. ती माणसे प्रामुख्याने आपल्याच घरांच्या भिंतींखाली आणि माळवदांखाली गाडली गेली. मातीत रचलेल्या त्या दगडी भिंतींत आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना सांधणारे आरपार दगड नव्हते. धक्का बसताच दोन्ही थर सुटले आणि वरचा भार खाली आला. त्या पहाटेनंतर मराठवाडा आणि सोलापूरच्या खेड्यांतील माणसांनी दगडमातीच्या घराकडे भीतीने पाहिले आणि सिमेंटच्या स्लॅबमध्ये अभय शोधले, तर त्यात नवल नाही. त्यांना कोणी अडाणी म्हणू नये.

मात्र किल्लारीनंतरच्या पुनर्वसनाने आणखी एक धडा दिला, त्याची नोंद धोरणात पुरेशी घेतली गेलेली नाही. पन्नासच्या आसपास गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. भूकंपाच्या दृष्टीने ती जुन्या घरांपेक्षा पुष्कळ सुरक्षित होती. पण शहरी वसाहतीप्रमाणे सरळ, रुंद रस्ते आणि ओळीने उभी केलेली सुटी घरे, अशी अनेक ठिकाणी गावांची मांडणी झाली. भावकी विखुरली, कट्टा गेला, जनावरे कोठे बांधावीत हे ठरेना. लोकांनी मग जमेल तसा मार्ग काढला. घरापुढे पत्र्याची पडवी उतरविली, बाजूला चूल मांडली, भोवती कुंपण घालून अंगण तयार केले. वास्तुशिल्पज्ञांनी जे नकाशात काढले नव्हते, ते रहिवाशांनी आपल्या हातांनी जोडले. ओसरी आणि अंगण ही हौसेची बाब नसून गरज आहे, याचा याहून बोलका पुरावा कोणता हवा?

आजचे घरकुल या पार्श्वभूमीवर तपासून पाहावे. १९८५ साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेचे २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेत रूपांतर झाले. घराचे किमान क्षेत्र २० चौरस मीटरवरून २५ चौरस मीटर करण्यात आले आणि त्यात स्वयंपाकासाठी स्वच्छ, स्वतंत्र जागा अभिप्रेत धरण्यात आली. जुन्या घराने स्त्रीवर केलेल्या अन्यायाची ही उशिरा का होईना, झालेली दखल आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. मैदानी प्रदेशासाठी योजनेचे मूळ साहाय्य १ लाख २० हजार रुपये ठरविण्यात आले. ज्याच्या डोक्यावर कधी पक्के छप्पर नव्हते, त्याला ते मिळणे ही मोठी गोष्ट आहे, आणि तिला नाक मुरडण्याचा अधिकार गच्चीवर बाग फुलविणाऱ्या शहरी माणसाला नाही.

असे असले, तरी केमच्या परिसरात स्लॅबचे किंवा पत्र्याचे लहान घर कसे वागते, हे सांगितलेच पाहिजे. चार-पाच इंचांचा स्लॅब दुपारभर तापतो आणि साठवलेली उष्णता संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत खाली सोडत राहतो. म्हणजे बाहेर वारा सुटतो तेव्हाच आत भट्टी पेटलेली असते. पत्रा तर दुपारीच असह्य होतो. एकच खोली सकाळी स्वयंपाकाची, दुपारी विश्रांतीची, संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाची आणि रात्री निजण्याची. प्रहर बदलतो, जागा बदलत नाही. साहजिकच माणसे रस्त्यावर खाट टाकतात, झाडाचा आसरा घेतात. आणि ज्यांना असे बाहेर पडता येत नाही, त्या बाळंतिणी, आजारी माणसे व म्हातारीकोतारी आत उकडत पडतात. उन्हाळे अधिक कडक होत चालले आहेत. तेव्हा ही केवळ गैरसोय राहिलेली नाही. प्रकृतीचा प्रश्न झाला आहे.

यावरचा उपाय फारसा महागडा नाही, हीच यातील खेदाची गोष्ट आहे. घराची लांब बाजू उत्तर-दक्षिण दिशांकडे ठेवली आणि पश्चिमेची भिंत कोरी ठेवून तिच्यासमोर कडुनिंब लावला, तर निम्मे काम होते. समोरासमोर दोन खिडक्या असल्या की वारा खेळतो. एकाच भिंतीत दोन खिडक्या असून तो लाभ होत नाही. स्लॅबवर दरवर्षी चुन्याचा पांढरा हात दिला, तर तो कमी तापतो. दारापुढे तीन-चार हात रुंदीचा ओटा आणि त्यावर छपराची सावली असली, तर दुपारनंतर घरात एक आणखी खोली उघडते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जिना आणि कठडा. स्लॅबचे घर बांधूनही वर जायला धड वाट नसेल, तर माळवदाने दिलेली उन्हाळ्याची रात्र त्या कुटुंबाकडून हिरावून घेतली गेली असेच म्हणावे लागेल.

ही दृष्टी नवीन नाही. २००७ साली निधन पावलेले लॉरी बेकर यांनी केरळात याच विचाराने घरे बांधली. विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवण्याची त्यांनी रूढ केलेली पद्धत सुमारे पाव हिस्सा विटा वाचविते, आणि त्या पोकळीमुळे भिंत उन्हालाही अडविते. केंद्र शासनानेही निरनिराळ्या विभागांच्या हवामानाला आणि साहित्याला साजेशा घरांचे नमुने 'पहल' या संग्रहात एकत्र केले आहेत. तथापि नमुने असणे पुरेसे नसते. इजिप्तमध्ये हसन फथी यांनी १९४० च्या दशकात लक्सरजवळ न्यू गुर्ना हे मातीच्या घुमटांचे गाव वसविले. हवामानाच्या दृष्टीने ते शहाणपणाचे होते. पण बहुसंख्य गावकरी तेथे राहायला गेलेच नाहीत, कारण त्यांचा चरितार्थ जुन्या जागेशी बांधलेला होता. राहणाऱ्याच्या उपजीविकेला आणि इच्छेला वळसा घालून त्याच्यावर लादलेले सुख त्याला रुचत नाही, हा त्या प्रयोगाचा अर्थ.

केमला हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. कुंकवाचे गाव काम आणि घर यांचे नाते ओळखते. कोठे वाळवायचे, कोठे साठवायचे, वाऱ्यापासून आणि ओलाव्यापासून माल कसा जपायचा, हे जागेचेच प्रश्न आहेत. ऊन कोठे हवे आणि सावली कोठे हवी याचा जो विचार मालासाठी केला जातो, तो माणसांसाठी करण्यास हरकत काय?

म्हणून ग्रामसभांनी यापुढे घरकुलांची यादी मंजूर करतानाच त्यांच्या नकाशांवरही चर्चा करावी, आणि त्या चर्चेत स्त्रियांचा शब्द प्रथम ऐकावा. घरात सर्वाधिक वेळ त्यांचाच जातो. जिल्हा परिषदेने स्थानिक गवंड्यांना भूकंपरोधक पट्ट्यांबरोबरच दिशा, वारा आणि सावली यांचेही शिक्षण द्यावे. ओटा आणि जिना यांसाठी अनुदानात स्वतंत्र तरतूद करावी. आज बांधकामाचा प्रत्येक टप्पा छायाचित्र काढून नोंदविला जातो. त्या छायाचित्रात जोते दिसते, भिंत दिसते, छप्पर दिसते. दुपारची सावली आणि रात्रीचा वारा त्यात येत नाही. त्यासाठी घर पुरे झाल्यावर एका वर्षाने, तेही वैशाखात, एखाद्या अधिकाऱ्याने त्या घरात जाऊन बसावे आणि घरच्या बाईला दोनच प्रश्न विचारावेत : दुपारी कोठे बसता, रात्री कोठे निजता? त्यांची समाधानकारक उत्तरे मिळतील तेव्हाच ते घर पुरे झाले, अशी नोंद सरकारी दप्तरात करावी.