कल्हईवाला अंगणातच का बसायचा?

कल्हईवाला कधी कुणाच्या स्वयंपाकघरात बसला नाही. वाड्याच्या अंगणात किंवा रस्त्याच्या कडेला तो खड्डा खणायचा, भाता लावायचा, पातेले चांगले तापले की त्यात नवसागराची पूड टाकायचा. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि मग कथलाची काडी फिरवून कापडाच्या बोळ्याने तो भांडे आतून चांदीसारखे लखलखीत करायचा. तो धूर कथलाचा नव्हता, नवसागराचा होता. धातूने धातूला धरावे म्हणून पृष्ठभाग साफ करणारा जो पदार्थ लागतो, तो तापून हवेत जात होता. इलेक्ट्रॉनिक भाग वितळलेल्या धातूने जोडण्याच्या कामात, म्हणजे सोल्डरिंगमध्येही, नेमके हेच घडते. फरक इतकाच की, हे काम आता अंगण सोडून घरात, दुकानाच्या काचेच्या केबिनमध्ये आणि शाळेच्या प्रयोगशाळेत येऊन बसले आहे. त्याच्या धोक्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, ‘धुरात शिसे असते का?’ उत्तर ‘जवळजवळ नाही’ असे मिळते आणि विचारणारा निर्धास्त होतो. माझी हरकत या निर्धास्तपणाला आहे.

उत्तर बरोबरच आहे. कथील ६३ टक्के आणि शिसे ३७ टक्के असलेली सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. सोल्डरिंग आयर्नचे टोक साधारण ३५० ते ४०० अंशांवर असते आणि शिसे उकळायला सतराशे अंशांच्या वर जावे लागते. त्यामुळे या तापमानाला शिशाची वाफ होण्याचे प्रमाण नगण्य. मग टोकाला सोल्डरची वायर टेकताच ‘चर्र’ आवाजासरशी निळसर पांढरा धागा वर चढतो तो कशाचा? वायर आतून भरीव नसते. तिच्या पोटात फ्लक्स, म्हणजे पृष्ठभाग साफ करणारा तोच पदार्थ, भरलेला असतो आणि त्यात बहुतेक वेळा असते राळ, म्हणजे चीड किंवा पाइनच्या झाडाच्या चिकापासून केलेले रोझिन. व्हायोलिनच्या गजाला घासतात तेच. थंड असताना तो एक पिवळसर ठिसूळ खडा असतो. तापल्यावर मात्र त्यातून राळेतील आम्लांचे अतिसूक्ष्म कण आणि फॉर्मल्डिहाइडसारखे झोंबणारे वायू सुटतात. कण बहुतांश एका मायक्रॉनपेक्षाही बारीक, म्हणजे फुफ्फुसात खोलवर पोचणारे. त्यातच काम करणाऱ्याची बैठक अशी की, बारीक सांधा दिसावा म्हणून मान खाली, चेहरा सर्किट बोर्डपासून वीतभर अंतरावर. गरम हवा सरळ वर जाते आणि तिच्या वाटेत पहिले नाक येते.

या धुराने दमा होतो, हे अनुमान नाही. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांतील कामगारांच्या तपासण्यांतून ते पुढे आले. तिथली हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह ही सरकारी यंत्रणा राळेच्या धुराला व्यवसायजन्य दम्याच्या प्रमुख कारणांत गणते. तिथे ठरलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने एक घनमीटर हवेत ०.०५ मिलिग्रॅम, इतकी कडक आहे. कारण हा नुसता डोळ्यांत पाणी आणणारा धूर नाही. काहींच्या शरीरात तो ॲलर्जी रुजवतो आणि एकदा ती रुजली की पुढे अगदी थोडा धूरही छाती आवळायला पुरतो. ‘तीस वर्षे हेच करतोय, मला काही झाले नाही,’ हे वाक्य इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सहज ऐकायला मिळेल आणि बोलणारा खरेच बोलत असेल. पण तीस वर्षांनंतर त्या खुर्चीवर कोण उरतो? ज्याला सोसले तो. ज्याला खोकल्याने रात्री झोप येईना, त्याने केव्हाच हा धंदा सोडून दुसरे काही धरलेले असते आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. शिवाय त्रास पहिल्या दिवशी सुरू होत नाही. काही महिने, कधी काही वर्षे सुखाची जातात, म्हणून कामाचा आणि धापेचा संबंध लक्षात येत नाही. रविवारी बरे वाटते, गणपतीला गावी गेले की धाप थांबते आणि परतल्यावर पुन्हा सुरू होते. ही खूण ओळखायची तर डॉक्टरांनी ‘काम काय करता?’ हे विचारले पाहिजे. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली हाच प्रश्न रुग्णतपासणीत घालायला सांगितला होता.

शिसे मात्र विसरायचे नाही. ते धुरात नसले तरी बोटांवर असते. वायर हाताळताना ते कातडीला लागते आणि चहाच्या कटिंगबरोबर, वडापावाबरोबर पोटात जाते. दोन्ही हात अडकले की वायर दातांत धरण्याची सवय तर थेट तोंडात शिसे घालणारी. मुलांसाठी शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून मुलांच्या हाती बिनशिशाचीच वायर द्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तेवढ्यावर प्रश्न मिटला असे मानणे चूक आहे. युरोपीय संघाने जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर निर्बंध घातले, भारताच्या ई-कचरा नियमांतही तशी मर्यादा आली. आणि ‘लेड-फ्री’ ही चिठ्ठी निरुपद्रवीपणाचा दाखला समजली जाऊ लागली. प्रत्यक्षात कथील, चांदी, तांब्याचा हा बिनशिशाचा मिश्रधातू २१७ अंशांच्या पुढे वितळतो, टोक जास्त तापवावे लागते आणि फ्लक्सही अनेकदा अधिक तिखट लागतो. धूर कमी होत नाही, कधी वाढतोच.

धुराला उपाय एकच: तो उठतो तिथेच ओढून बाहेर सोडणे. १९४८च्या कारखाने कायद्यातील कलम १४ हेच सांगत होते, धूर जिथे निर्माण होतो त्याच्या शक्य तितक्या जवळ शोषक यंत्रणा हवी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डोक्यावर गरगरणारा पंखा असतो. तो धूर घालवत नाही, खोलीभर वाटून देतो. स्प्लिट एसी तर खोलीतली तीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. कापडी किंवा सर्जिकल मास्क इतक्या बारीक कणांपुढे कुचकामी आहे आणि वायू तर एन-९५ मधूनही जातात. टेबलाच्या मागच्या बाजूला खिडकीत बसवलेला एक्झॉस्ट फॅन, त्याला जोडलेला फूट-दीड फुटाचा पाइप, पाइपचे तोंड बोर्डपासून वीतभरावर आणि ताजी हवा पाठीमागच्या दारातून, एवढे केले तरी धुराचा धागा नाकाकडे न येता आडवा वळताना डोळ्यांना दिसतो. खर्च परवडत नाही, हा आक्षेप मला पटत नाही. बऱ्यापैकी सोल्डरिंग स्टेशन घेणाऱ्याला हा पंखा जड नाही.

इतके धोके सांगितले तर मुले घाबरतील, हाताने काही करायची हौसच मरेल, असेही म्हटले जाईल. ती हौस मला मोलाची वाटते. महिन्यातून एकदा खिडकी उघडी ठेवून चार सांधे जोडणाऱ्याने धास्तावायचे कारण नाही, हेही सांगितले पाहिजे. अपाय होतो तो रोजच्या, तासन्‌तासाच्या धुराने. ‘राळ तर झाडाची, नैसर्गिक’ या युक्तिवादाला फारसा अर्थ नाही. देवापुढच्या धुपावर कुणी आठ तास नाक धरून बसत नाही.

केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून देशात दहा हजार शाळांमध्ये प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, प्रत्येकीला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरले. सहावीपासूनची मुले तिथे आयर्न हातात घेतात. त्या पैशातून थ्रीडी प्रिंटर येतो, तर पंखा, पाइप आणि हात धुवायला साबणासह नळ का येऊ नये? पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने आधी ते तिन्ही बघावेत. घरबसल्या एलईडी बल्ब जोडणाऱ्या बायकांपर्यंत तर कुठला कायदा पोचत नाही आणि कुठला निरीक्षकही फिरकत नाही. एकाच खोलीत त्यांचे आयर्न तापलेले असते, शेजारी पोळ्यांचा डबा असतो आणि खाली चटईवर मूल निजलेले असते. ज्या बचत गटातून किंवा ठेकेदाराकडून त्यांना सुटे भाग मिळतात, त्यांनी त्या पिशवीसोबत पंखाही द्यावा आणि त्याची किंमत बल्बमागच्या मजुरीतून कापू नये.