धुक्यातली काच आणि धावपट्टीचा शेवट

थंडी पडली की पुण्यात पहाटे धुकं उतरतं आणि लोहगावचं वेळापत्रक कोलमडतं. मंडईत त्यावर चर्चा होणारच, पुणेकर मंडईला विद्यापीठ उगाच म्हणत नाहीत. इथल्या फळांच्या धंद्यातल्या बागवान घरांपासून मोमीनपुऱ्याच्या गल्ल्यांपर्यंत कुणाचा मुलगा दुबईत, कुणाची लेक जेद्दाहला, कुणाचे अब्बा-अम्मी उमऱ्याला निघालेले. त्यामुळे एक प्रश्न आमच्या कानावर वारंवार येतो: "पायलटसमोर ती नवीन काच असते ना, धुक्यातही दिसतं म्हणे. मग विमान लेट का?"

प्रश्न रास्त आहे. त्या काचेला हेड-अप डिस्प्ले म्हणतात. मारुतीच्या बलेनोच्या वरच्या मॉडेलमध्ये स्टिअरिंगपुढे छोट्या काचेवर गाडीचा वेग दिसतो, त्याचाच हा थोरला भाऊ. विमानात ही पारदर्शक काच पायलटचे डोळे आणि समोरची मोठी काच यांच्यामध्ये असते. तिच्यावर वेग, उंची आणि विमान नेमकं कुठल्या दिशेने चाललंय याची खूण उमटते. काही यंत्रणा त्यावर धावपट्टीची रेषाकृतीही काढतात, आणि ती बरोबर खऱ्या धावपट्टीवर बसते. खुबी अशी की ही चित्रं डोळ्याला फार दूर असल्यासारखी दिसतात. त्यामुळे जवळचं वाचून पुन्हा लांबचं पाहण्यासाठी नजर बदलावी लागत नाही.

एवढ्याशा सोयीचं महत्त्व कळायला थोडा हिशेब करावा लागेल. प्रवासी विमान उतरताना ताशी सुमारे 250 किलोमीटर वेगात असतं, म्हणजे सेकंदाला जवळपास 70 मीटर. साध्या उपकरण-पद्धतीत पायलट 200 फुटांपर्यंत आतल्या उपकरणांवर विसंबून खाली येतो. तिथे मान वर करून धावपट्टीचे दिवे शोधायचे. दिसले तर उतरायचं, नाही दिसले तर पुन्हा वर जायचं. 200 फुटांवरून जमिनीला टेकायला पंधरा-सतरा सेकंद लागतात. त्यातले दोन-तीन सेकंद नजर आतून बाहेर नेण्यात गेले तर विमान तेवढ्यात दीडदोनशे मीटर पुढे गेलेलं असतं. काच हेच दोन-तीन सेकंद वाचवते.

हे तंत्र आलं लढाऊ विमानांतून. लोहगावला ते नवं नाही, 1997 पासून तिथे असलेल्या सुखोईंच्या पायलटसमोर अशीच काच असते. तेजससाठी ही काच चंदीगडच्या सीएसआयओ या सरकारी प्रयोगशाळेने बनवली. प्रवासी विमानांत अमेरिकेच्या अलास्का एअरलाइन्सने 1989 मध्ये हिच्या मदतीने धुक्यात विमान उतरवलं. आज बोईंग 787 म्हणजे ड्रीमलायनरमध्ये दोन्ही पायलटसमोर ही काच कंपनीकडूनच बसवून येते. एअर इंडियाकडे ही विमानं आहेत, सौदियाकडेही आहेत, म्हणजे आपल्यातल्या अनेकांनी नकळत अशा काचेमागे प्रवास केलेला असेल. (12 जून 2025 ला अहमदाबादेत कोसळलेलं विमानही ड्रीमलायनरच होतं. पण ते उड्डाणानंतर लगेच पडलं. प्राथमिक अहवालात इंधनाचे स्विच बंद झाल्याची नोंद आहे, उतरण्याच्या काचेशी त्याचा संबंध नाही.)

मग लेट का? कारण काच दिवे लावत नाही. दाट धुक्यात उतरायला जमिनीवर अचूक सिग्नल देणारी यंत्रणा हवी, धावपट्टीवर खास दिवे हवेत, पायलटला त्याचं प्रशिक्षण आणि डीजीसीएची परवानगी हवी. दिल्लीत हे सगळं उभं केलंय. यातलं एक जरी कमी असलं तरी कॉकपिटमधली महागडी काच थांबूनच राहते.

काचेची दुसरी बाजूही आहे. 1980 च्या सुमारास नासाने सिम्युलेटरमध्ये अनुभवी पायलटांची परीक्षा घेतली. काचेवरच्या खुणा पाहत उतरताना काहींना धावपट्टीवर आडवं आलेलं दुसरं विमान दिसलंच नाही. ते नजरेसमोर होतं, पण लक्ष आकड्यांत अडकलं होतं. पुणेकरांना हे दूरचं वाटायला नको. 15 फेब्रुवारी 2020 ला लोहगावहून दिल्लीला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानापुढे धावपट्टीवर जीप आणि एक माणूस आला. पायलटने वेळेआधी विमान उचललं, शेपटीचा भाग घासला, पण विमान दिल्लीला सुखरूप उतरलं. तिथे डोळे बाहेर होते म्हणून निभावलं.

आता कोझिकोड. 7 ऑगस्ट 2020, कोविडचा काळ, वंदे भारत मोहिमेतलं दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान, आत 190 माणसं. कॅप्टन दीपक साठे, नागपूरचं कुटुंब, खडकवासल्याच्या एनडीएतून घडलेले, हवाई दलात टेस्ट पायलट राहिलेले. अंधार, मुसळधार पाऊस. पहिल्या प्रयत्नात त्यांच्या बाजूचा वायपर बंद पडला आणि त्यांनी विमान पुन्हा वर नेलं. दुसऱ्यांदा उलट्या बाजूने आले तेव्हा वारा पाठीमागून होता. 2,700 मीटरच्या धावपट्टीवर विमान निम्मं अंतर ओलांडून टेकलं आणि टेकडीवरून खाली कोसळलं. दोन्ही पायलटसह 21 जण गेले. कोविडची भीती बाजूला ठेवून आसपासच्या लोकांनी जखमींना हातांवर उचलून दवाखान्यात नेलं, रात्रीच रक्त द्यायला रांगा लावल्या.

दिसत नव्हतं हे खरं. पण चौकशी अहवालाने मुख्य बोट दुसरीकडे ठेवलं: विमान नीट स्थिर नसताना उतरणं चालू ठेवलं गेलं आणि सहवैमानिकाने "गो अराउंड" म्हटल्यावरही ते थांबलं नाही. त्या तळावर कॅप्टन कमी होते आणि दुसऱ्या सकाळच्या उड्डाणाची जबाबदारी साठ्यांवर होती, तो दबावही अहवालात नोंदवलाय. आम्हाला हा भाग सगळ्यात गंभीर वाटतो. दमलेल्या, घाईत असलेल्या माणसासमोर कितीही चांगली काच ठेवा, पाठीमागचा वारा ती कमी करत नाही.

मंगळुरूचं उदाहरण तर याहून स्पष्ट. 22 मे 2010, पुन्हा दुबईहून आलेलं विमान, 158 मृत्यू. तिथे हवा स्वच्छ होती, धावपट्टी दिसत होती. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या चौकशीत निघालं की सहवैमानिक परत वर जायला सांगत होता आणि कॅप्टनने ऐकलं नाही.

दोन्ही विमानांत बहुतेक सीटवर खाडीत राबून घरी परतणारी माणसं आणि त्यांची मुलंबाळं होती. कोझिकोडचा हिशेब हजयात्रेकरूंनाही चुकवावा लागला. तिथे मोठी विमानं बंद झाली, छोट्या विमानांमुळे भाडं कोची आणि कन्नूरपेक्षा जास्त पडलं. गरिबाने आयुष्यभर साठवलेल्या पैशातून ते गेलं.

पुण्याची धावपट्टी कोझिकोडपेक्षाही लहान आहे, साधारण 2,535 मीटर. ती टेबलटॉप नाही, त्यामुळे लगेच घाबरायचं कारण नाही. पण लांबी वाढवण्याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे आणि जागा हवाई दल, राज्य सरकार, महापालिका यांच्या फायलींत फिरते आहे. आपल्या नगरसेवकाला आणि खासदाराला नव्या टर्मिनलच्या झगमगाटापेक्षा हे विचारा: धावपट्टीच्या टोकाला विमान थांबेल अशी मोकळी जागा किती? धुक्यासाठी दिवे आणि सिग्नल कधी सुधारणार? कंपन्यांना विचारायचं ते पायलटांच्या ड्यूटीचे तास.

आणि जमिनीजवळ आलेलं विमान अचानक गर्जत पुन्हा वर गेलं, किंवा पुण्याऐवजी मुंबईला उतरलं, तर एअर होस्टेसवर ओरडू नका. बाहेर टॅक्सीचं भाडं वाढतं, घ्यायला आलेले मामू ताटकळतात, बिर्याणी गार होते, मान्य. वर गेलेल्या पायलटने त्या क्षणी नियमाप्रमाणे काम केलेलं असतं, आणि कंपनीने त्यासाठी त्याला जाब विचारता कामा नये.