लाल दिवा, सायकल आणि डावं वळण



आज औषधगोळ्यांबद्दल लिहीत नाही, तरी विषय माझ्या दवाखान्यातूनच आलेला आहे.

मागच्या वर्षी मी एका रुग्णाला सायकल चालवायला सांगितलं. वय अठ्ठावन्न, नुकतेच निवृत्त झालेले, दहा वर्षांचा मधुमेह. एचबीए१सी साडेआठच्या खाली यायला तयार नव्हतं. गुडघ्यांमुळे भरभर चालणं जमत नव्हतं. सायकलवर शरीराचं बरंचसं वजन सीटवर असतं, त्यामुळे गुडघ्यावर चालण्यापेक्षा कमी ताण येतो. म्हटलं, "रोज सकाळी अर्धा तास सायकल काढा. भाजी, दूध, बँक, सगळं सायकलवर." त्यांनी अक्षरशः तसंच केलं. तीन महिन्यांत एचबीए१सी सात पूर्णांक चारवर आलं. दोघंही खूष.

चौथ्या महिन्यात ते गळ्यात झोळी घालून समोर बसले. डाव्या कॉलरबोनचं फ्रॅक्चर. सिग्नल लाल होता, त्यांना डावीकडे वळायचं होतं, आणि नियमाप्रमाणे ते रस्त्याच्या डाव्या कडेला एक पाय टेकवून उभे होते. शेजारी एक मोठा टेंपो. दिवा हिरवा झाला, टेंपोही डावीकडे वळला आणि त्याच्या मागच्या बाजूने सायकलचं हँडल ओढलं गेलं. माणूस खांद्यावर पडला. डोकं वाचलं, हे नशीब.

"डॉक्टर, मी तर थांबलो होतो," ते म्हणाले. "जे सिग्नल तोडून गेले ते सगळे घरी पोचले की."

यावर मला लगेच उत्तर देता आलं नाही. सल्ला माझा होता आणि नियम त्यांनी पाळला होता.

आधी टेंपोचं समजून घेऊ, कारण हे प्रत्येक सायकलस्वाराला माहीत असायला हवं. लांब गाडी वळते तेव्हा तिचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेतून जात नाही, त्याहून आतून जातं. गाडी जितकी लांब तितकं जास्त आतून. कोपऱ्यावर ड्रायव्हरची केबिन तुमच्यापासून चांगली चार हात दूर दिसते आणि दोन सेकंदांनी गाडीचं पोट तुमच्या अंगावर येतं. शिवाय उंच केबिनमधून डाव्या बाजूला खाली, दाराजवळ उभा असलेला सायकलवाला ड्रायव्हरला बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून ट्रक, बस किंवा टेंपोच्या डाव्या अंगाला कधीही उभं राहू नका. एकतर त्याच्या पूर्ण पुढे, ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर राहा, नाहीतर पूर्ण मागे. वाटेल तितका हॉर्न वाजू दे.

आता मुख्य विषय. या गृहस्थांचा पुतण्या फ्रान्समध्ये स्त्रासबूरला नोकरी करतो. काकांची बातमी ऐकून त्याने सांगितलं की तिकडे अशा कोपऱ्यावर सायकलवाल्याला लाल दिव्यालाही वळता येतं, तशी पाटीच असते. काकांना वाटलं पोरगा थट्टा करतोय. मला विचारलं. थट्टा नव्हती.

फ्रान्समध्ये सिग्नलच्या खांबावर एक छोटी त्रिकोणी पाटी लावतात. टोक खाली, लाल कड, आत पिवळी सायकल आणि पिवळा बाण. ती असेल तर सायकलस्वाराने लाल दिवा असतानाही बाणाच्या दिशेने जायचं, मात्र रस्ता ओलांडणारा माणूस आणि आडवी येणारी वाहनं यांना आधी जाऊ द्यायचं. स्त्रासबूर, बोर्दो, नांत अशा शहरांत आधी चाचण्या झाल्या, पॅरिसने २०१२ मध्ये मोजक्या चौकांत करून पाहिलं आणि २०१५ पासून शहरभर वाढवलं. तिकडे वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे तिकडचं उजवं वळण म्हणजे आपलं डावं. आडवा रस्ता न ओलांडता, कडेकडेने होणारं वळण. हा फरक ध्यानात ठेवा, नाहीतर पुढचं सगळं उलटं वाचाल.

नेदरलँड्समध्ये अशी मुभा नव्वदच्या दशकापासून आहे. बेल्जियमने २०१२ मध्ये दिली, स्वित्झर्लंडने २०२१ मध्ये. जर्मनीने नऊ शहरांत करून पाहिल्यावर २०२० मध्ये खास सायकलसाठी हिरव्या बाणाची पाटी कायद्यात आणली. पण जर्मन माणूस तो जर्मन माणूस: त्यांच्याकडे आधी सायकल पूर्ण थांबवायची, बघायचं आणि मग वळायचं.

अमेरिकेतल्या आयडाहो राज्याची गोष्ट सगळ्यांत जुनी आणि गमतीची आहे. १९८२ साली तिथे सायकलस्वारांना सवलत मिळाली, पण ती सायकलप्रेमातून नाही. वाहतुकीच्या किरकोळ खटल्यांनी न्यायालयं तुंबली होती. न्यायालयांचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना वाटलं, सायकलवाला 'थांबा' पाटीपाशी वेग कमी करून, बघून पुढे गेला तर त्याला न्यायाधीशासमोर उभं करण्यात काय अर्थ आहे? कायदा बदलला. राज्य बुडालं नाही. पुढे डेलावेअरने २०१७ मध्ये 'थांबा' पाटीपुरता तसाच नियम केला. त्यानंतरच्या अडीच वर्षांत अशा पाट्यांच्या चौकांतले सायकलींचे अपघात आधीच्या अडीच वर्षांपेक्षा २३ टक्क्यांनी कमी नोंदले गेले.

इथे माझ्यातला डॉक्टर जागा होतो. एका औषधाआधी आणि औषधानंतर रुग्ण मोजले, पण शेजारी औषध न दिलेला गट ठेवलाच नाही, तर सुधारणा औषधामुळेच झाली असं म्हणता येत नाही. डेलावेअरचा आकडा त्या प्रकारचा आहे. शिवाय तो 'थांबा' पाटीचा आहे, लाल दिव्याचा नाही. मी त्यातून एवढंच घेतो की सवलत दिल्यावर रक्ताचे पाट वाहिले नाहीत.

मग हे चालतं कशामुळे? लोक म्हणतात, नियम सगळ्यांना सारखा हवा. ऐकायला बरं वाटतं. पण पॅरासिटामॉलची मात्रा आपण दोन वर्षांच्या बाळाला आणि ऐंशी किलोच्या माणसाला सारखी देतो का? सिग्नल हा जड आणि वेगवान वाहनांना आवरण्यासाठी जन्माला आला. साधा हिशोब करू. सायकल आणि माणूस मिळून ८० किलो, वेग ताशी १५ किलोमीटर, तर त्यात सुमारे ७०० ज्यूल ऊर्जा असते. १२०० किलोची मोटार ताशी ४० किलोमीटरने येत असेल तर सुमारे ७४,००० ज्यूल. शंभर पटींहून जास्त. धडकेत हाडं मोडतात ती या ऊर्जेमुळे. त्याशिवाय सायकलस्वाराचे कान उघडे असतात, समोर बॉनेट नसतं, काच नसते, खांब आड येत नाहीत, आणि चुकलं तर पहिला मार त्यालाच बसतो. बघून चालवायचं याहून मोठं कारण कोणाला असतं?

थांबण्याची किंमतही सायकलवर वेगळी. गाडीवाला पायाचा अंगठा दाबतो. सायकलवाल्याने थांबून पुन्हा तोच वेग घेणं म्हणजे सपाट रस्त्यावर साधारण पन्नास मीटर जास्त सायकल चालवण्याइतकी मेहनत. कॅलरीच्या दृष्टीने हे काहीच नाही, उलट तुमच्यासाठी चांगलंच. अडचण गुडघ्याची आहे. उभ्या सायकलला पहिला जोर देताना, विशेषतः जड गिअरमध्ये, गुडघ्याच्या वाटीमागे सगळ्यात जास्त दाब येतो. आणि सायकल सगळ्यात जास्त डुगडुगते ती सुरुवातीच्या दोन-तीन पेडलांत. नेमक्या त्याच क्षणी मागे पन्नास दुचाकी सुटलेल्या असतात. (गुडघे दुखणाऱ्यांनी थांबण्यापूर्वीच गिअर हलका करून घ्यावा. गिअर नसेल तर पेडल वर आणून ठेवावं.)

धुराचंही तेच. सायकल चालवणारा माणूस मोटारीत बसलेल्यापेक्षा दर मिनिटाला दुपटीहून जास्त हवा आत घेतो, आणि चौकात थांबला की ती हवा असते समोरच्या डिझेलच्या नळकांड्याची. दमेकऱ्यांना दीड मिनिट हे सहन करणं सोपं नसतं. त्यांना या मुभेचा उपयोग माझ्या मते सर्वांत जास्त होईल.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग इथेही आणा की. थांबा. आपल्याकडे हे आहेच, फक्त चुकीच्या माणसांना दिलेलं आहे. 'लेफ्ट फ्री'ची पाटी तुम्ही पाहिली असेल. खरं तर पाटी असेल तिथेच ही मुभा आहे, पण आपण ती जन्मसिद्ध हक्क समजतो. ही मुभा मोटारींना, बसला, ट्रकला, सगळ्यांना आहे. त्याचा अर्थ असा की त्या कोपऱ्यावर पायी माणसाला ओलांडायला वेळच नाही. दिवा कुठलाही असो, डावीकडून वाहन येतच राहतं.

अमेरिकेत तेलटंचाईच्या काळात, सत्तरच्या दशकात, मोटारींना लाल दिव्याला उजवीकडे वळायची मोकळीक देण्यात आली. पेट्रोल वाचेल हे कारण. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की अशा वळणांवर पादचारी आणि सायकलस्वारांना धडकण्याचे प्रकार चांगलेच वाढले. न्यूयॉर्क शहरात तर ही मोकळीक, पाटी लावलेले मोजके चौक सोडले तर, नाहीच. तीच मुभा, पण हातात शंभरपट ऊर्जा असलेल्याला दिली की परिणाम बदलतो.

मला विचाराल तर, निवडक चौकांत, फक्त पायडलच्या सायकलला, पाटी लावून डावं वळण मोकळं करावं. आणि जर्मन पद्धतीने: आधी पूर्ण थांबा, मग बघून वळा. फ्रेंच पद्धत मला आपल्याकडे नको वाटते. त्याचं कारण माझ्या दुसऱ्या रुग्ण आहेत. वय त्र्याहत्तर, एका डोळ्याचा मोतीबिंदू व्हायचाय, हाडं ठिसूळ. अशा बाईंना पडायला मोटार लागत नाही. सायकलचा हलका धक्काही पुरतो, आणि खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्ध बाईचं पुढचं वर्ष कसं जातं हे मी अनेक घरांत पाहिलेलं आहे. त्या झेब्रा क्रॉसिंगवर कानांच्या भरवशावर पाय टाकतात. सायकलला आवाज नसतो. त्यांच्यासाठी सायकलवाल्याचा पाय जमिनीला टेकलाच पाहिजे.

दुसरी धास्ती, बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकी 'आम्हीपण सायकलच' म्हणत घुसतील. घुसतीलच. म्हणून तर चौक निवडक हवेत आणि पाटीवर चित्र स्पष्ट हवं. जिथे चार पदरी आडव्या रस्त्यावर गाड्या सुसाट येतात किंवा कोपऱ्यावर भिंतीमुळे दिसत नाही, तिथे नकोच.

आणि कृपया हा लेख दाखवून उद्या सिग्नल तोडू नका. आज आपल्याकडे लाल दिवा सायकललाही लाल आहे.

मग त्या गृहस्थांचं काय? कॉलरबोन बहुतेक वेळा झोळीत हात ठेवून सहा आठवड्यांत जुळतं, त्यांचंही जुळलं. या काळात हात आखडू नये म्हणून कोपर आणि मनगट रोज हलवत राहायचं असतं, ते त्यांनी केलं. साखर मात्र पुन्हा वर गेली. आठव्या आठवड्यात त्यांच्या पत्नी सोबत आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आता ह्यांना सायकलचं नाव काढू देऊ नका."

मी त्यांना कोपनहेगनचा अभ्यास सांगितला. सुमारे तीस हजार माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून २००० साली प्रसिद्ध झालेला. कामाला सायकलने न जाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सायकलने जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्के जास्त आढळलं, तेही इतर व्यायाम, धूम्रपान वगैरे हिशोबात धरून. बाई म्हणाल्या, "तिकडचे रस्ते तसे आहेत." त्यांचं म्हणणं बरोबर आहे. कोपनहेगनचे आकडे आपल्या चौकाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी मधुमेहाने हृदय, किडनी, डोळे जाण्याचा धोका त्यांच्या यजमानांना आज, घरात बसल्या बसल्या आहे, आणि तो मला त्या कोपऱ्यापेक्षा मोठा वाटतो. हे मी सांगितलं. त्यांना पटलं की नाही, माहीत नाही.

शेवटी तोडगा त्या गृहस्थांनीच काढला. चौकाच्या वीस पावलं आधी ते सायकलवरून उतरतात, फुटपाथवर चढतात, हातात सायकल धरून कोपरा वळतात आणि पलीकडे पुन्हा बसतात. पायी चालणाऱ्याला लाल दिव्यापाशी थांबून डावीकडे वळायची गरज नसते. स्त्रासबूरमध्ये एक पाटी जे काम करते ते ते पायांनी करतात. अडचण एकच: कोपऱ्यावरच्या फुटपाथवर रसाची गाडी आहे आणि तिच्यामागे पाच-सहा दुचाकी लावलेल्या असतात. रसवाल्याशी बोलून त्यांनी एका सायकलपुरती वाट मोकळी करून घेतली आहे. रस घेत नाहीत, एवढं मी बजावलं आहे. पुढची तपासणी महिनाअखेरीस आहे.