‘घरी सांभाळा’ म्हणजे काय करायचे?

गेल्या महिन्यातील गोष्ट. बाजाराचा दिवस असल्याने दवाखान्यात बरीच गर्दी होती. ओळखीच्या एक मावशी, वय सत्तरीच्या आसपास, सगळे पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. मग आत येऊन उभ्याउभ्याच म्हणाल्या, ‘‘डाक्टर, मोठ्या दवाखान्यात मालकास्नी घरी सांभाळा म्हनून सांगितलं. सांभाळा म्हंजी म्या करू काय?’’

त्यांच्या यजमानांना प्रोस्टेटचा कर्करोग आहे. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असणारी पुरुषांची ही ग्रंथी. उतारवयात लघवीला अडायचेच आणि कंबर दुखायचीच, असे आपण धरून चालतो. यांचेही तसेच झाले. रोग कळला तेव्हा तो मणक्यात आणि खुब्यात उतरलेला होता.

प्रश्न ऐकून मी ओशाळलो. अडीच वर्षांपूर्वी रिपोर्ट आला तेव्हा मीच त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन सगळे सांगितले होते. मावशी बाहेर चपलांपाशी बसून होत्या. फाइल मुलाच्या हाती गेली आणि रुग्ण मावशींच्या! आम्हा डॉक्टर मंडळींची ही जुनी खोड आहे. माझे स्पष्ट मत आहे की, उपचार थोडेच उरतात अशा आजारात, रुग्णाची हरकत नसेल तर, सगळ्यात आधी त्याच्या बायकोला समोर बसवून बोलले पाहिजे. रात्री दोन वाजता जागी तीच असते.

त्या वेळचा अनुभव सांगतो. हा रोग पुरुषी हार्मोनवर पोसला जातो. वृषणे काढली तर तो आटोक्यात येतो, हे शिकागोच्या डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले आणि त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले. तेच काम करणारी इंजेक्शने आता आहेत, पण ती ठरावीक महिन्यांनी घेत राहावी लागतात. शस्त्रक्रिया एकदाच, खर्च कमी, गुण तेवढाच. पण वडिलांना हे सांगायचे कोणी? मुलगा आठ दिवस घुटमळला. शेवटी मावशींच्या कानावर गेले. त्या म्हणाल्या, ‘‘या वयात आता कुनाला काय दाखवायचंय? मानूस उठून बसला म्हंजी झालं.’’ त्यांनीच नवऱ्याची समजूत घातली. शस्त्रक्रिया झाली आणि थोड्याच दिवसांत कंबरदुखी उतरली. पुढे थंडीत ते पांघरूण फेकून घामाघूम होऊ लागले, तेव्हा मुलाला वाटले ताप आहे. मावशी म्हणाल्या, ‘‘मलाबी पाळी जाताना असंच व्हायचं.’’ हार्मोन गेल्यावर वाफा येतात, हे त्या घरात एकट्या त्यांनाच कळले होते!

दोन वर्षांनी रोग या उपचाराला जुमानेनासा झाला. नव्या गोळ्याही काही महिनेच चालल्या. हृदय अशक्त, म्हणून केमोथेरपी झेपणार नाही असे ठरले. रोग मुळापासून जाणार नाही, हे खरेच आहे. पण ‘काही उपाय नाही’ हे वाक्य मला मान्य नाही. त्या दिवशी मावशींना मी जे सांगितले, तेच येथे लिहितो.

हाडाच्या दुखण्यावर रेडिएशनची एकच बैठक पुष्कळदा पुरते, आणि गरज पडली तर पुन्हा देता येते. त्यासाठी मुंबईलाच जायला हवे असे नाही, बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात रेडिएशनची सोय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत रेडिएशनचा समावेश आहे. रेशन कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे. तरीही दुखले तर मॉर्फीनच्या गोळ्या आहेत. त्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, मान्यताप्राप्त रुग्णालयातून घ्याव्या लागतात. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन हे थोडे सोपे झाले. मॉर्फीन म्हटले की नातेवाईक दचकतात, ‘सवय लागेल’ म्हणतात. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणारा माणूस व्यसनी होतो, ही भीती अनाठायी आहे. गोळी वेळेवर द्यावी, कण्हण्याची वाट पाहू नये. पोट मात्र हमखास घट्ट होते, म्हणून जुलाबाचे औषध सोबतच सुरू करावे.

चोळणे, मालीश, हाडवैद्य हे कटाक्षाने टाळा. रोगाने पोखरलेले हाड दाबाने मोडते. लघवी तुंबली तर सकाळची वाट न पाहता या, नळी घालून पाच मिनिटांत सुटका होते. आणि एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा. पाय लुळे पडू लागले, कमरेखाली बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाब देत असते. तासांत उपचार झाला तर पाय वाचतात, दोन दिवस ‘अशक्तपणा असेल’ म्हणत बसलात तर माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो.

मावशींनी हे सारे कागदावर लिहून मागितले. नातीला वाचता यावे म्हणून मी मोठ्या अक्षरात लिहिले. (माझे अक्षर औषध दुकानदारालाच लागते, हे आमच्या कंपाउंडरने तेवढ्यात ऐकवले.) जाताना त्यांचे ब्लडप्रेशर पाहिले, तर १८० वर १००. रोजची गोळी कधीपासून बंद आहे, असे विचारले.

‘‘ह्येंचं दुखायला लागल्यापास्नं,’’ त्या म्हणाल्या.

गोळी लिहून दिली. पुढच्या बाजाराला मुलाला सोबत आणायला सांगितले आहे. रात्रीची एक पाळी त्याने घ्यावी, हे या वेळी मी त्यालाच सांगणार आहे, मावशींच्या समोर.