सरड्याची धाव... पण कुंपण कुणासाठी?

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत" हे आपण आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलो. पण कुंपण कसं हवं, हे सरड्याच्या बाजूने कुणी बघितलंय का? हसू नका, मी सीरियसली बोलतोय.

इथे डॅलसला माझ्या रूममेटकडे बिअर्डेड ड्रॅगन आहे. मूळचा ऑस्ट्रेलियातला, दाढीवाला सरडा. त्याच्यासाठी आम्ही बॅकयार्डात पिंजरा बांधतोय हे ऐकल्यावर आई फोनवर म्हणाली, "अरे, पालीला कसला रे बंगला?"

बंगला नाही, गरज आहे. सरड्याच्या कातडीत डी-३ जीवनसत्त्व तयार व्हायला यूव्हीबी किरण लागतात (साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर). ते नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो. घरात त्यासाठी खास दिवा लावतात, पण उन्हाची सर त्याला नाही. आणि खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत. म्हणजे खिडकीत ठेवून "ऊन दिलं" हे समाधान आपलं, सरड्याचं नव्हे.

मग काचेची टाकीच उचलून अंगणात ठेवली तर? अजिबात नको. उन्हात ती बंद गाडीसारखी तापते. सरड्याला घाम येत नाही, सावलीत पळणं हाच त्याचा एसी. पळायला जागाच नसेल तर जीव जातो, तोही थोड्या वेळात.

म्हणून माझं स्पष्ट मत: सुरक्षित पिंजरा म्हणजे मोठं कुलूप नव्हे. सुरक्षित म्हणजे आतल्या प्राण्याला ऊन की सावली हे स्वतः ठरवता येणं.

आम्ही लाकडी चौकट केली आणि अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावली. कोंबड्यांची पातळ जाळी रॅकून फाडतो. जाळी तळालाही लावली, कारण सरडा आतून उकरतो आणि बाकीचे बाहेरून. अर्ध्या छपरावर प्लायवूड, खाली लपायला जागा. थर्मामीटर दोन. बसायच्या दगडावर ४० अंश सेल्सियसच्या आसपास चालतं, पण सावलीची बाजू ३० च्या आतच हवी. टेक्सासच्या जुलैत सावलीच ३८ असते, त्या दिवशी बाहेर काढायचंच नाही. जागा ठरवताना फायर अँट्सची वारुळं बघायची, गवतावर औषध मारलेलं नको, आणि संध्याकाळ व्हायच्या आत सरडा घरात. एक काजवा खाल्ला तरी तो मरू शकतो.

आपल्या धंद्यात काही बिघडलं की युजर तिकीट टाकतो. हा युजर तिकीट टाकत नाही. आजारी असला तरी शेवटपर्यंत लपवतो. म्हणून सगळं आधीच तपासायचं, आणि तो बाहेर असेपर्यंत शेजारी खुर्ची टाकून बसायचं. तेवढा तासभर वेळ नसेल तर सरडा पाळूच नये, असं मला वाटतं.

आणि हो, पुण्या-मुंबईच्या मंडळींनो, हे वाचून घोरपड आणायचा विचार नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ती. तिथे पिंजऱ्यात सरडा नाही, तुम्ही जाल!